‘सेमी-गाईडेड’ म्हणून पैसे घेतले आणि हातात नुसती बोट दिली

फिशिंग लॉजची ट्रिप बुक करताना आमच्यासमोर दोनच पर्याय होते. एक गाईडेड, म्हणजे बोट गाईडची, इंजिनवर तो, मासा कुठे बसलाय ते तो सांगणार, आपण फक्त रॉड धरायचा. दुसरा सेल्फ-गाईडेड, म्हणजे केबिन आणि बोट मिळणार, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी आणि मेहुणा दोघंही काठावर बसून छोट्या तळ्यांत गळ टाकणारे, एवढा मोठा लेक म्हणजे तलाव आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे गाईड हवाच होता पण पाच दिवस गाईडेडचा आकडा ऐकून दोघंही गप्प झालो.

आणि नेमकं तिथेच फोनवरचा माणूस म्हणाला, “सर, मग सेमी-गाईडेड घ्या ना, दोन्हीचा फायदा, गाईड असतोच.”

“गाईड असतोच” हे वाक्य मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. पूर्ण गाईडेडपेक्षा थोडंसंच स्वस्त होतं, निम्मे पैसे आधी भरले, उरलेले पोचल्यावर.

गाईड होता, खोटं कशाला बोलू. सहा बोटींना मिळून एक होता. पहिल्या दिवशी सकाळी तो त्याच्या बोटीत आणि आम्ही आमच्या बोटीत, तासभर त्याच्या मागे मागे फिरलो, त्याने हात लांब करून एक खाडीसारखा भाग दाखवला, “तिकडे ट्राय करा” म्हणाला आणि गेला तो गेलाच. संध्याकाळी ऑफिसात विचारलं तर छापील कागद पुढे केला, त्यात लिहिलेलं होतं ‘गाईडकडून ओरिएंटेशन’. आणि गाईड बोटीत बसायला हवा असेल तर? तर रोजचे वेगळे पैसे. मी तो कागद पैसे भरण्याआधी मागितलाच नव्हता, चूक माझी, पण फोनवर तो हे वाक्य बोललाही नव्हता.

त्याने दाखवलेली जागा उथळ होती आणि दिवस ऐन उन्हाळ्याचे. मला तेव्हा कळत नव्हतं ते आता कळतं, की खोल लेकमध्ये उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वर कोमट हलकं पाणी आणि खाली थंड जड पाणी, आणि आम्हाला जो लेक ट्राऊट, म्हणजे थंड पाण्यातला मासा, हवा होता त्याला साधारण 10 अंशांच्या आसपासचं पाणी लागतं, म्हणजे तो खाली खोलात जाऊन बसलेला. आम्ही दोन दिवस त्याच्या डोक्यावरून आमिष फिरवत होतो! आमची सगळी रीळं-आमिषं वरवरच्या पाण्याची. गाईडला पैसे देतात ते याच माहितीचे देतात हो, बोट काय कुणीही चालवतो.

बोटीवर फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, होता, म्हणजे स्क्रीन तेवढी होती. मेहुण्याने तिची वायर पकडून मागे बघत बघत नेली तर टोक नुसतंच पाण्यात लटकत होतं, पुढे सेन्सरच नाही. इंजिन जुनं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं. अशा बऱ्याच इंजिनांना 50:1 लागतं, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 100 मिली ऑइल, आम्हाला मिळालेल्या कॅनमध्ये कुणी किती ओतलं होतं देव जाणे, निळा धूर निघायचा आणि तिसऱ्या दिवशी वारा सुटलेला असताना लेकच्या मधोमध बंद पडलं. प्लग काढला तर काळाकुट्ट. पुसला, सुकवला, परत लावला, पाऊण तास गेला त्यात आणि तेवढ्यात बोट आडवी होऊन लाटा बाजूने आपटत होत्या. वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. लाईफ जॅकेट अंगात होतं, नुसतं सीटखाली ठेवू नका एवढं सांगतो.

त्या संध्याकाळी शेजारच्या केबिनमधल्या वयस्कर जोडप्याशी गप्पा झाल्या. ते दरवर्षी येणारे, स्वतःचा फिश फाइंडर घेऊन, आणि रोज मासे आणत होते. बोट आमच्यासारखीच, केबिन आमच्यासारखीच, तासभराचं ओरिएंटेशनसुद्धा तेच. त्यांचं पॅकेज सेल्फ-गाईडेड. आमच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त पैसे भरले होते त्यांनी. मेहुणा माझ्याकडे बघत होता आणि मी चहाच्या कपाकडे.

म्हणून सेल्फ-गाईडेड वाईट असं मी म्हणणार नाही, ज्याला ते पाणी माहितीये त्याला तेच परवडतं. नवख्याने पहिले दोन दिवस पूर्ण गाईड घ्यावा आणि मग स्वतः फिरावं, पण या दोन गोष्टी बिलात दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्याव्यात. गाईड आपल्या बोटीत बसणार की त्याच्या, किती तास, एका गाईडमागे माणसं किती, खोल पाण्याचं सामान त्याचं की आपलं, पेट्रोल कुणाचं, हे सगळं मेलवर विचारा, फोनवर नको, फोनवर सगळे “हो सर” म्हणतात.

खरा तोंडाला पानं पुसायचा प्रकार निघायच्या दिवशी झाला. बोटीचं डिपॉझिट परत मागितलं तर ऑफिसातला माणूस धक्क्यावर आला, इंजिन वर उचललं आणि खालच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) एका पाकळीवर बोट ठेवलं, नखाएवढी खाच. “खडकावर घातलंत.” आम्ही बोट घेताना पंखा बघितला नव्हता, फोटो काढणं लांबच. आता ॲल्युमिनियमला ताजा मार लागला की आतला धातू चकचकीत दिसतो, आणि ही खाच आतून काळी होती, पंख्याला मारलेला तोच काळा रंग. मेहुण्याने वाकून नख फिरवलं आणि शांतपणे विचारलं, “अहो, आम्ही काल धडकलो तर रंग खाचेच्या आत कोणी मारला?”

तो म्हणाला, पॉलिसी आहे. डिपॉझिट गेलं. परत आल्यावर कार्डाच्या बँकेत तक्रार केली, त्यांनी लेखी पुरावा मागितला, ‘गाईड असतोच’चा. तो माझ्याकडे नाही. पंख्याचा फोटो तेवढा आहे, मेहुण्याने निघता निघता काढलेला, तो जोडलाय.