न्यू जर्सीत गांजाच्या दुकानात पार्टनर व्हायला गेलो आणि २५ हजार डॉलर गेले

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट आहे. न्यू जर्सीत त्याच वर्षी एप्रिलमध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या लोकांना दुकानातून गांजा विकायला सुरुवात झाली होती, त्या रांगा आम्ही येताजाता बघत होतो, आणि मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या लाईनीत एका आपल्याच माणसाने विषय काढला. म्हणाला माझ्या एलएलसीला, म्हणजे कंपनीला, लायसन्स मिळालंय, सहा पार्टनर घ्यायचेत, प्रत्येकी २५ हजार, दीड वर्षात पैसे वसूल.

जागा बघायला घेऊन गेला. रस्त्याला लागून बंद पडलेली लॉन्ड्री, काचांना आतून ब्राऊन पेपर, ताज्या रंगाचा वास, आणि काउंटर कुठे येणार ते जमिनीवर निळ्या टेपने आखलेलं. बायको त्या टेपच्या आत उभी राहून बघत होती, तिलाही पटलं. लायसन्सचा कागद दाखवला तो तर खराच होता! पण ते कंडिशनल, म्हणजे अटींवर दिलेलं लायसन्स होतं. ते काही शे डॉलरच्या फीमध्ये मिळतं आणि त्यावर दुकान उघडता येत नाही, मुदतीत जागा आणि गावाची मंजुरी मिळवून ते ॲन्युअल, म्हणजे पूर्ण वार्षिक लायसन्स करून घ्यावं लागतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

चेक लिहिताना तो म्हणाला मेमोमध्ये, म्हणजे पैसे कशाचे ते लिहायच्या ओळीत, 'कन्सल्टिंग' लिही, कॅनॅबिस म्हणजे गांजा लिहिलंस तर बँक अडवेल. मला खरंच वाटलं, कारण फेडरल कायद्यात गांजा बेकायदेशीर असल्याने बऱ्याच बँका या धंद्याला हात लावत नाहीत हे ऐकून होतो. त्या एका शब्दाने माझी गुंतवणूक कागदावर त्याची फी झाली.

सहा महिने नुसतं "प्रोसेस चालू आहे". शेवटी मीच गावाच्या ऑफिसात टाउन क्लर्ककडे गेलो, तर गावाने २०२१ मध्येच ठराव करून असल्या दुकानांना बंदी घातलेली. म्हणजे जागा दाखवली त्याच्या वर्षभर आधी! तिथूनच लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कॅनॅबिस कमिशनला फोन केला तेव्हा कळलं की मालकांची नावं त्यांच्याकडे द्यावी लागतात, बोटांचे ठसे घेऊन बॅकग्राउंड चेक होतो. माझे ठसे कोणी मागितलेच नव्हते. त्या पार्टनरशिपवाल्याची एक्सेल शीट मित्राच्या सीपीएला, म्हणजे अकाउंटंटला दाखवली, त्यात भाडं पगार वजा करून नफा काढलेला, पण फेडरल टॅक्सच्या २८०ई कलमामुळे गांजाच्या धंद्यात ते वजा करता येत नाही, फक्त मालाची किंमत वजा होते.

पैसे परत मागितले तेव्हा जे बोलला ते अजून डोक्यातून जात नाही. "तू ग्रीन कार्डवर आहेस ना, तक्रार करून बघ, सिटिझनशिपचं काय होतं ते." आणि ही भीती पोकळ नाही हो, एप्रिल २०१९ पासून इमिग्रेशन खात्याची लेखी पॉलिसी आहे, राज्यात कायदेशीर असला तरी गांजाच्या कामामुळे सिटिझनशिप अडू शकते. त्याने ग्रीन कार्ड आणि एच वन बी या वर्क व्हिसावालेच निवडले होते, हे मला नंतर कळलं.

मी आधी इमिग्रेशनचा वकील गाठला आणि मग गुंतवणुकीतली फसवणूक बघणाऱ्या राज्याच्या ब्युरो ऑफ सिक्युरिटीजकडे तक्रार केली. बाकी पाच घरांतले लोक अजून घाबरून गप्प आहेत. तुमच्याही चेकवर 'कन्सल्टिंग' असेल तर पैसे घेणाऱ्याचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, ते पैसे पार्टनरशिपचे होते याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा उरला होता.