बरा गावाची किल्ली: एका पर्यटन सेवेविषयी

ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला मुलांकडे जाणाऱ्या आपल्या सोलापूरकरांनी उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवरील बरा या छोट्या गावासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. तेथील पर्यटन केंद्रात पैसे भरले की एक किल्ली मिळते आणि तिने जुन्या वास्तूंची कुलुपे आपली आपण उघडता येतात. मागे कोणाची घाई नसल्याने ही सोय मला फार आवडली. येथे १८४५ मध्ये तांबे सापडले व १८७७ मध्ये खाण बंद पडली. मात्र खरे पाहण्यासारखे आहे ते ओढ्याच्या काठात खोदलेले घर: मातीच्याच भिंती, वाकून शिरावे लागेल असे दार. घरांच्या टंचाईमुळे शेकडो खाणकामगार सहकुटुंब अशा बिळांत राहत, आणि १८५१ च्या पुरांनी त्यांना तेथून हुसकावले.

अवर्षणाशी झुंजणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील माणसाने गॉयडर रेषेचीही चौकशी अवश्य करावी. सर्वेक्षण अधिकारी जॉर्ज गॉयडर यांनी १८६५ मध्ये आखलेली, पिकांना भरवशाच्या पावसाची ही सीमा याच परिसरातून जाते.