पन्नासची लेन्स, डार्कटेबल आणि बाबांचा एक फोटो

बाबा सकाळचा पेपर संध्याकाळी खिडकीपाशी बसून पुन्हा वाचतात. उजेड एकाच बाजूने चेहऱ्यावर येतो, कपाळावरची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. हा फोटो मला कधीपासून हवा होता आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ च्या किट लेन्सने तो जमत नव्हता. ५५ एमएमवर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, त्या लेन्सचं अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. पान उलटताना हात हलणार म्हणून शटर १/१२५ सेकंद ठेवला की आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) थेट ६४०० वर जायचा. सुरकुत्यांच्या जागी रवाळ दाणे यायचे.

म्हणून कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घेतली. सहा महिने तीच कॅमेऱ्यावर आहे आणि त्याच काळात डार्कटेबल हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर शिकतो आहे. दोघांबद्दल एकत्र लिहितो, कारण एकाचं काम कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे मला दोन्ही एकदम वापरल्यामुळेच कळलं.

आधी उजेडाचं. एफ/५.६ आणि एफ/१.८ यांत सव्वातीन स्टॉपच्या आसपास फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे जवळपास दहापट उजेड. तीच खिडकी, तोच १/१२५, आणि आयएसओ ६४०० वरून ६४० वर आला. त्या संध्याकाळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबांचा गाल स्वच्छ दिसला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

रात्री ते फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. चाळीसपैकी तीस फोटोंत चष्म्याची फ्रेम धारदार आणि डोळे मऊ! माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर एक मीटर अंतरावरून एफ/१.८ ला जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. चष्मा आणि बुबुळ यांच्यातलं अंतरसुद्धा तिथे महागात पडतं. हे गणित मला आधी माहीत नव्हतं. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या: फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवायचा, आणि अपर्चर एफ/२.८ वर आणायचं. फोकसमधली खोली चार सेंटिमीटरच्या पुढे जाते, आयएसओ १६०० होतो, आणि तो सहज चालतो. ‘वाइड ओपन’च्या, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं ठेवण्याच्या, मोहात पडू नका, असं मी नवीन घेणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. एफ/१.८ ही अडीअडचणीची सोय आहे. या लेन्सचा खरा कस एफ/२.८ ते एफ/५.६ मध्ये दिसतो.

बाकी लेन्स साधी आहे. वजन १६० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) धातूचा. २०१५ साली आलेल्या या आवृत्तीत अपर्चरची पाती सात आणि गोलाकार आहेत. आधीच्या १९९० च्या आवृत्तीत पाचच होती, त्यामुळे मागचे दिवे पंचकोनी उमटायचे. आता ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, पूर्वी ४५ लागायचे. बाबांची बोटं आणि पेपरची कड एवढंच चौकटीत घ्यायचं तर तो दहा सेंटिमीटरचा फरक मोलाचा आहे. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे हातात धरून १/८० च्या खाली मी जात नाही. एपीएस-सीवर ती फुल-फ्रेमवरच्या ८० एमएमसारखी वागते: लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि तरी दोन माणसं पूर्ण मावत नाहीत. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो हवा असेल तर किट लेन्स लागतेच. विकू नका.

आता डार्कटेबल. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतं. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेला कच्चा फोटो) पहिल्यांदा उघडली की फिकी दिसते, कारण कॅमेरा जेपेगवर जे संस्कार परस्पर करतो ते इथे आपल्याला करायचे असतात. मॉड्यूलांची, म्हणजे एकेका कामाच्या साधनांची, यादी बघून छाती दडपते. मी महिनाभर फक्त चार मॉड्यूल वापरायची असं ठरवलं: एक्स्पोजर (उजळपणा), कलर कॅलिब्रेशन (रंग), सिग्मॉइड (उजेड-सावलीचा तोल) आणि डीनॉइज (दाणे कमी करणं). माझं शिकणं तिथेच मार्गी लागलं.

मला जिंकलं ते कलर कॅलिब्रेशनने. संध्याकाळी एका बाजूने खिडकीचा निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूने खोलीतल्या दिव्याचा पिवळा. पूर्ण फोटोला एकच व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांचा तोल) लावला की अर्धा चेहरा बरोबर, अर्धा काविळीसारखा. डार्कटेबलमध्ये त्याच मॉड्यूलची दुसरी प्रत उघडून, मास्क काढून, म्हणजे बदल कुठे लागावा तो भाग आखून, ती फक्त दिव्याच्या बाजूला लावता येते. हे जमायला मला चार संध्याकाळी लागल्या. मास्कची कड पुरेशी मऊ ठेवली नाही तर नाकावरून सरळ रेघ जाते.

मूळ फाइलला हात लागत नाही, हा मोठा दिलासा. सगळे बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात. पण फोल्डर हलवताना दोन्ही फाइली सोबत न्या, आणि फोल्डर शक्यतो डार्कटेबलमधूनच हलवा.

आणि ते तीस फोटो? त्यांवर मी शार्पनिंगची सगळी मॉड्यूल फिरवून पाहिली. पापण्या काही परत आल्या नाहीत. चष्म्याची फ्रेम मात्र आणखी टोचायला लागली. अंधार थोडा उजळता येतो, रंग सुधारतो, कडांचा जांभळेपणा निघतो. चुकलेला फोकस चुकलेलाच राहतो. ते फोटो मी ठेवून दिलेत, पुसले नाहीत.

शेवटी निवडलेला फोटो एफ/२.८, १/१२५, आयएसओ १६०० चा आहे. छापून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “अरे, चष्म्याची डावी दांडी वाकलीये की माझी.”

खरंच वाकली होती. सहा महिने मी तो चेहरा पाहत होतो आणि मला ते त्या दिवशी दिसलं.