अडलेल्या मूत्रपिंडावरील पायलोप्लास्टी: एका यूरॉलॉजी विभागाच्या सेवेचे परीक्षण

लघवीच्या वाटेत अडथळा आल्याने मूत्रपिंड फुगते, तेव्हा सूज हा मूळ आजार नसतो. तो खाली कुठेतरी प्रवाह अडल्याचा परिणाम असतो. अडथळा खड्याचा असू शकतो, मूत्रवाहिनी जन्मतःच अरुंद असू शकते, प्रोस्टेट वाढलेली असू शकते किंवा बाहेरून एखाद्या गाठीचा दाब पडत असू शकतो, आणि यांपैकी प्रत्येकाची शस्त्रक्रिया वेगळी असते. त्यामुळे अशा उपचाराबद्दल मत देताना ऑपरेशन कसे झाले एवढेच पाहणे मला अपुरे वाटते. ऑपरेशन करायचे हे कशाच्या आधारे ठरवले आणि टाके भरून आल्यानंतर रुग्णाची जबाबदारी कोणी घेतली, या दोन प्रश्नांची उत्तरेही तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवीत. माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या मूत्रपिंडावर दुर्बिणीद्वारे पायलोप्लास्टी, म्हणजे मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी यांच्यातील अरुंद जोड दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया, झाली आणि निदानापासून वर्षभरानंतरच्या तपासणीपर्यंत मी तिच्यासोबत होते. त्या रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते कोणत्याही यूरॉलॉजी विभागाची पारख करताना उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.

तिला डाव्या कुशीत अधूनमधून तीव्र कळ येत असे, सोबत उलट्या होत, आणि काही तासांत सारे शांत होई. बराच काळ हे पित्ताचे दुखणे समजले गेले. भरपूर पाणी किंवा अन्य पेय घेतल्यानंतर कळ हमखास येते, ही गोष्ट या विभागातील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारून काढली. मूत्रपिंडाचा पेल्विस, म्हणजे लघवी गोळा होण्याचा भाग, जिथे मूत्रवाहिनीला मिळतो तो सांधा अरुंद असेल, तर एकदम जास्त लघवी तयार झाल्यावर ती पुढे सरकत नाही, पेल्विस ताणला जातो आणि वेदना सुरू होते. सोनोग्राफीत पेल्विस आणि आतील कप्पे फुगलेले दिसले, मात्र खालची मूत्रवाहिनी नेहमीच्या रुंदीची होती. अडथळा याच सांध्यावर असावा, असा अंदाज त्यावरून बांधता आला.

एवढे दिसल्यावरही त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली नाही, आणि या सेवेतील मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच आहे. ‘सोनोग्राफी मूत्रपिंड फुगलेले आहे एवढेच दाखवते, ते अडलेले आहे की नाही हे तुम्हाला त्यावरून सांगता येणार नाही,’ असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आणि रेनोग्राम करायला पाठवले. या तपासणीत किरणोत्सारी द्रव्याची अत्यल्प मात्रा शिरेतून देतात, गॅमा कॅमेऱ्याखाली दोन्ही मूत्रपिंडे ते द्रव्य किती उचलतात आणि किती वेगाने बाहेर टाकतात हे मोजतात, आणि लघवीचा जोर वाढवण्यासाठी फ्रुसेमाइडचे इंजेक्शन देतात. साचलेले द्रव्य निम्मे होण्यास १० मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला तर सहसा अडथळा नसतो आणि २० मिनिटांपेक्षा जास्त लागला तर तो असण्याची शक्यता मोठी असते. मधल्या आकड्यांवरून नेमके काही ठरवता येत नाही आणि इतर तपासण्यांची जोड घ्यावी लागते. रुग्ण पुरेसे पाणी प्यायलेला नसेल किंवा मूत्राशय भरलेले असेल तर आलेख फसवा येऊ शकतो, म्हणून तेथील तंत्रज्ञांनी दोन्ही गोष्टींची काळजी घेतली. ही शिस्त साधी वाटते, पण एका चुकीच्या आलेखावरून अनावश्यक ऑपरेशन होऊ शकते किंवा आवश्यक ऑपरेशन टळू शकते.

बहिणीचा आलेख इंजेक्शननंतरही वर चढतच राहिला आणि एकूण कार्यात डाव्या मूत्रपिंडाचा वाटा ३६ टक्क्यांवर आलेला दिसला. दोन्ही मूत्रपिंडे निरोगी असतील तर हा वाटा जवळपास निम्मा निम्मा असतो. वेदना, सिद्ध झालेला अडथळा आणि ४० टक्क्यांच्या खाली गेलेले कार्य अशी तीन कारणे एकत्र आल्यावरच शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. आम्ही न विचारता डॉक्टरांनी हेही सांगितले की गर्भातल्या सोनोग्राफीत सूज दिसलेल्या बाळांपैकी अनेकांची सूज नुसत्या देखरेखीखाली आपोआप कमी होते, त्यामुळे आपल्या ओळखीत कोणाचे बाळ ऑपरेशनविना बरे झाले म्हणून प्रौढ रुग्णाने तोच हिशेब लावू नये. आमच्या घरात नेमकी अशीच चर्चा चालू होती, आणि त्या एका वाक्याने ती थांबली.

पर्यायांची चर्चा मोकळेपणाने झाली. मूत्रपिंडाचे कार्य १० टक्क्यांच्याही खाली गेलेले असते, तर ते दुरुस्त करण्याऐवजी काढून टाकण्याचा विचार करावा लागला असता. अरुंद भाग आतून दुर्बिणीने चिरून मोकळा करणे, म्हणजे एंडोपायलोटॉमी, हा लहान उपाय आहे, परंतु त्याचे यश पायलोप्लास्टीपेक्षा कमी आहे. शिवाय सीटी अँजिओग्राफीत बहिणीच्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाकडे जाणारी एक रक्तवाहिनी नेमकी त्या सांध्यावरून गेलेली दिसली. अशा वाहिनीजवळ आतून छेद देण्यात रक्तस्रावाचा धोका असतो आणि बाहेरून पडणारा दाबही तसाच राहतो. म्हणून निवड झाली ती अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीची. यात सांध्याचा अरुंद भाग कापून काढतात, मूत्रवाहिनीचे तोंड उभे चिरून रुंद करतात आणि ते पेल्विसला अशा रीतीने शिवतात की जोड नरसाळ्यासारखा उतरता व्हावा. आडवी आलेली रक्तवाहिनी कापत नाहीत, कारण मूत्रपिंडाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तिच्यावरच असतो. जोड तिच्या दुसऱ्या बाजूला नेऊन शिवतात. या शस्त्रक्रियेचे यश ९० टक्क्यांहून अधिक आहे.

पोट न उघडता हीच शस्त्रक्रिया लॅपरोस्कोपीने केल्याचे वृत्तांत १९९३ पासून प्रसिद्ध आहेत आणि पुढे यंत्रमानवाच्या साहाय्याने ती करण्याची पद्धतही रुळली. या विभागात दोन्ही सोयी उपलब्ध होत्या. कोणती चांगली, असे विचारल्यावर सर्जननी महागड्या पर्यायाची भलामण केली नाही. यंत्रमानवामुळे बारीक टाके घालणे सर्जनला सोपे जाते, परंतु अनुभवी हातांत दोन्हींचे निष्कर्ष सारखेच येतात, आणि आपण स्वतः लॅपरोस्कोपीने अधिक शस्त्रक्रिया केल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. रुग्णाला हवे असते ते असे सरळ उत्तर, आणि ते नेहमी मिळते असे नाही.

शस्त्रक्रियेआधी लघवीचे कल्चर करून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली गेली. ही केवळ औपचारिकता नाही, हे त्याच वॉर्डमध्ये दिसून आले. खड्यामुळे मूत्रवाहिनी बंद झालेला आणि थंडी वाजून ताप भरलेला एक रुग्ण रात्री दाखल झाला. त्याचा खडा काढण्याची घाई कोणी केली नाही. सोनोग्राफीच्या साहाय्याने पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून आधी तुंबलेली, पू मिसळलेली लघवी बाहेर काढली गेली. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला तर तो रक्तात पसरून काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो, आणि अशा वेळी पाठीतून नळी किंवा मूत्रवाहिनीत स्टेंट (आत ठेवायची बारीक नळी) घालून वाट मोकळी करणे हेच पहिले काम असते. मूळ अडथळ्याची शस्त्रक्रिया संसर्ग आटोक्यात आल्यावर होते. रात्रीच्या वेळी हे करण्याची तयारी आणि मनुष्यबळ त्या विभागाकडे होते, यासाठी मी त्यांचे मनापासून कौतुक करते. यूरॉलॉजी विभाग निवडताना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

ऑपरेशन व्यवस्थित झाले. कुशीतील ड्रेनमधून, म्हणजे द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून, येणारा द्रव कमी होतो आहे का, आणि जोडातून लघवी तर झिरपत नाही ना, हे पाहण्यासाठी त्या द्रवातील क्रिएटिनिन हा लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ घटकही तपासला गेला. परिचारिकांनी वेदनांकडे एकदाही दुर्लक्ष केले नाही. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि ही समाधानाचीच बाब आहे.

माझी तक्रार सुरू होते ती डिस्चार्जपासून. शिवलेला जोड भरून येईपर्यंत मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट ठेवतात. दोन्ही टोकांना वेटोळे असलेली ही मऊ नळी १९७८ पासून वापरात आहे आणि पायलोप्लास्टीनंतर ती साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढतात. तिचे खालचे टोक मूत्राशयाला टोचत राहते, त्यामुळे वारंवार लघवीला जावेसे वाटते. लघवी करताना दाब वर पोहोचून कुशीत दुखते, आणि हालचाल जास्त झाली तर लघवीला लालसर रंग येऊ शकतो. हे सारे अपेक्षित आहे आणि औषधाने सुसह्यही होते, पण घरी जाताना आम्हाला यातील जवळपास काहीही सांगितले गेले नाही. घरी पहिल्यांदा लाल लघवी दिसली तेव्हा टाके उसवले की काय, या भीतीने बहीण रडली. ‘ताई, मला परत दवाखान्यात ने,’ एवढेच ती म्हणत राहिली. ताप, थंडी, रक्ताच्या गाठी किंवा लघवी अडणे ही खरी धोक्याची लक्षणे आहेत आणि बाकीची नाहीत, एवढे एका छापील पानावर दिले असते तर ती रात्र टळली असती.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीखच नव्हती. ‘काही आठवड्यांनी दाखवावे’ एवढेच लिहिले होते; नंतर ना फोन आला, ना संदेश, आणि आम्ही स्वतः विचारले तेव्हाही वेळ मिळवायला बरेच प्रयत्न करावे लागले. विसरलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात, तो आतल्या आत बंद होतो, त्यावर खडे तयार होतात, आणि एरवी लवचिक दुर्बिणीने, भूल देणारी जेल लावून काही मिनिटांत निघणारी नळी काढण्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. क्वचित मूत्रपिंडही गमवावे लागते. ज्या विभागाने रेनोग्रामआधी रुग्ण पुरेसे पाणी प्यायला आहे का हे पाहिले, त्याच विभागात घातलेल्या प्रत्येक स्टेंटची नोंदवही नसावी, हे मला पटत नाही. मी तसे विभागप्रमुखांना लेखी कळवले आहे.

स्टेंट निघाल्यानंतर ३ महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सूज अजून असल्याचे लिहिलेले होते, आणि घरात पुन्हा धास्ती पसरली. यावेळी मात्र सर्जननी पुरेसा वेळ दिला. वर्षानुवर्षे ताणलेल्या पेल्विसच्या भिंती पूर्वीसारख्या आकसत नाहीत, त्यामुळे फुगवटा काही प्रमाणात कायम राहू शकतो. प्रवाह सुरळीत झाला का, हे पुन्हा रेनोग्रामच सांगेल, असे त्यांनी समजावले. नव्या आलेखात इंजेक्शननंतर द्रव्य झपाट्याने उतरलेले दिसले, आणि कार्याचा वाटा ३८ टक्के आला. शस्त्रक्रियेचा उद्देश उरलेले कार्य टिकवणे हा आहे आणि गमावलेले कार्य फारसे परत येत नाही, हे आम्हाला ऑपरेशनच्या आधीच सांगितलेले असल्याने या आकड्याने कोणाची निराशा झाली नाही.

निदान, निर्णय आणि शस्त्रक्रिया यांसाठी मी हा विभाग कोणालाही निःशंकपणे सुचवीन. पाठपुराव्याबाबत मात्र रुग्णाने आणि नातेवाइकांनी स्वतः जागरूक राहावे लागेल: स्टेंट काढण्याची तारीख घरी जाण्यापूर्वीच कार्डावर लिहून घ्यावी आणि पुढील रेनोग्राम कधी करायचा हेही विचारून ठेवावे. वर्षभरानंतरच्या भेटीत आम्ही आग्रह धरला, तेव्हा सोनोग्राफी, रक्तदाब आणि क्रिएटिनिन यांच्या वार्षिक तपासणीचे वेळापत्रक डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिले. बहिणीला ती जुनी कळ पुन्हा आलेली नाही.