लेजंड्स झेड-ए घ्यावा की आर्सियस? दोन्ही संपवून बसलेल्याचं मत

मागच्या महिन्यात मावसभावाचा मेसेज आला, दादा स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) आलाय माझ्याकडे, पोकेमॉन कुठला घेऊ, आर्सियस की तो नवीन झेड-ए, पैसे एकाचेच आहेत. मला वाटलं दोन ओळीत उत्तर देतो आणि मग टाईप करत बसलो ते बसलोच, शेवटी म्हटलं थांब बाबा नीट लिहून काढतो, अजून कोणाला तरी हाच प्रश्न असणारच. दोन्ही गेम मी संपवलेत, आर्सियसचा तर अख्खा पोकेडेक्स, म्हणजे सगळ्या पोकेमॉनची नोंदवही, भरलाय, म्हणजे नुसते ट्रेलर बघून बोलत नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे दोघांच्या नावात लेजंड्स आहे म्हणून नवीन गेम हा जुन्याचा दुसरा भाग असेल असं समजून पैसे टाकू नका. आर्सियस आला २८ जानेवारी २०२२ ला, झेड-ए आला १६ ऑक्टोबर २०२५ ला, बनवणारे तेच गेम फ्रीकवाले, पण आर्सियस हा पकडण्याचा गेम आहे आणि झेड-ए हा लढण्याचा. लहानपणी चिप्सच्या पुडीतले टॅझो जमवण्यात जास्त मजा यायची की ते लावून मित्राचे जिंकण्यात, याचं खरं उत्तर ज्याचं त्याने स्वतःला द्यायचं, अर्धा निर्णय तिथेच होतो. (आणि हो, उच्चार म्हणे आर्कियस आहे. आपण इतकी वर्षं आर्सियस म्हणतोय, आता कोण बदलतंय.)

आर्सियसचं बघा. गोष्ट जुन्या काळातली, हिसुई नावाचा प्रदेश, म्हणजे पुढे जाऊन ज्याचं सिनो (जुन्या पोकेमॉन गेममधला प्रदेश) झालं तोच. लोक अजून पोकेमॉनला घाबरून असतात, गावात मोजकी घरं, आणि तुम्हाला काम काय तर रानात जाऊन एकेका पोकेमॉनचा अभ्यास करून आणायचा. सुरुवातीलाच तीन पकडायला सांगतात, बिडूफ, स्टार्ली आणि शिंक्स, आणि त्या तिघांत सगळा गेम शिकवून टाकलाय. बिडूफ बिचारा स्वतःहून जवळ येतो, स्टार्ली चाहूल लागली की भुर्र, आणि शिंक्स थेट अंगावर येतो. तुमच्या अंगावर हां, तुमच्या पोकेमॉनच्या नाही. पुढचे कित्येक तास तुम्ही गवतात उकिडवे बसून, बेरी फेकून, मागून जाऊन पकडायचा बॉल मारत असता आणि तो पाठीवर बरोबर बसला की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्याच पोकेमॉनमध्ये मिळालेला नाही. पहिल्याच मैदानात लाल डोळ्यांचा एक भलामोठा रॅपिडॅश, आगीच्या आयाळीचा घोडा, फिरत असतो, आर्सियस खेळलेल्या कोणालाही विचारा, बहुतेकांचा पहिला मार त्याच्याचकडून खाऊन झालेला असतो.

झेड-ए मध्ये हे रान नाहीच. सगळा गेम एकाच शहरात, लुमिओस सिटी, जे पॅरिसवरून घेतलंय, मधोमध आयफेल टॉवरसारखा प्रिझम टॉवर. हे शहर पहिल्यांदा आलं २०१३ च्या एक्स आणि वाय या पोकेमॉन गेममध्ये, तेव्हा त्यात रस्ता चुकायचाच, आता निदान नकाशा नीट आहे आणि गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत जाता येतं. जंगली पोकेमॉनसाठी शहरातच वीस वाइल्ड झोन आखून दिलेत. पण खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे म्हणजे सोसायटीच्या मागची बाग, पाच मिनिटात एक चक्कर होते, काय काय आहे ते कळतं, संपलं. मागून जाऊन बॉल टाकता येतो, पोकेमॉनला लढून आडवं केलं तरी एक शेवटची संधी मिळते, ही सोय मला आवडली, पण ती शिकार केल्याची भावना येत नाही. गल्लीत कचऱ्याजवळ ट्रबिश, कचऱ्याच्या पिशवीसारखा पोकेमॉन, बसलेला दिसतो, असले बारकावे गोड आहेत, नाही असं नाही.

आता लढाई, आणि इथे पारडं पूर्ण उलटं फिरतं. आर्सियसमध्ये आपली नेहमीचीच, तू एक मार मी एक मारतो, फक्त चपळ आणि जोरदार अशा दोन पद्धती वर लावल्यात. समोर लढायला माणसंही फार कमी, बरेचदा जंगली पोकेमॉनच. मोठ्या नोबल (म्हणजे बॉससारख्या) पोकेमॉनशी सामना असतो तेव्हा तर निम्मा वेळ तुम्ही स्वतः लोळणं घेत त्याला शांत करायच्या पुड्या त्याच्यावर फेकत असता, बघणाऱ्याला वाटेल हा काय प्रकार चाललाय. झेड-ए ने मात्र तो जुना पाळीपाळीने मारायचा खेळच काढून टाकला. सगळं चालू वेळेत. प्रत्येक मूव्ह, म्हणजे पोकेमॉनचा डाव, वापरली की ती परत भरायला काही सेकंद लागतात, जवळून मारायची मूव्ह असेल तर तुमचा पोकेमॉन धावत जातो आणि तेवढ्यात समोरच्याने मारलेलं चुकतं किंवा नेमकं लागतं, समोरचा वार अडवणारी प्रोटेक्ट सारखी मूव्ह जी वीस वर्षं कोणी एकट्याने खेळताना ढुंकून बघितली नव्हती ती अचानक सोन्याची झाली. पहिले दोन तास माझी बोटं अक्षरशः गोंधळलेली, मग एकदा हात बसला की जुन्या पद्धतीत परत जाणं जड जातं.

रात्री झेड-ए रॉयल नावाची स्पर्धा असते, शहराचा एखादा भाग लाल होतो, त्यात ट्रेनर, म्हणजे पोकेमॉन लढवणारे, फिरत असतात आणि त्यांच्या नजरेत न येता मागून हल्ला चढवला तर पहिला वार फुकट. झेड या दर्जापासून ए पर्यंत चढत जायचं. सव्वीस अक्षरं ऐकून घाबरू नका, मधली बरीचशी गाळलीत, आणि ते गोष्टीत ज्या पद्धतीने गाळलंय ते मला जरा आळशीपणाचं वाटलं. रात्र, पाठलाग, लढाई, सकाळ झाली की पॉईंट मोजायचे, हे चक्र मात्र जबरदस्त आहे. अजून एकच रात्र म्हणत दीड वाजायचा.

मेगा इव्होल्यूशन, म्हणजे लढाईत पोकेमॉनने थोड्या वेळासाठी जास्त ताकदवान रूप घेणं, परत आलंय हे वेगळं सांगायला नको, पोस्टरवर तेच आहे. पिसाळलेल्या मेगा पोकेमॉनशी होणारे सामने चांगले आहेत, सतत पळत राहावं लागतं. नवीन मेगांची डिझाईन मात्र आपापली आवड. मेगा ड्रॅगनाईट मला ठीक वाटला, मेगा स्टारमी बघून तर मी हसत सुटलो, तो चांदणीसारखा मासा माणसासारखे पाय असल्यागत पळतो.

दिसायला? दोन्हीकडे रडारड आहे. आर्सियसमध्ये लांबचे पोकेमॉन अडखळत हलतात, झाडं-गवत बघून डोळे दुखतात, पण ते मोकळं रान आहे म्हणून मन मोठं करून सोडून देता येतं. झेड-ए मध्ये अख्खा गेम शहराचा आणि त्या शहरातल्या इमारतींच्या खिडक्या आणि बाल्कन्या सपाट भिंतीवर चित्र चिकटवल्यासारख्या, गच्चीवरून खाली बघितलं की मूडच जातो, आणि बहुतेक इमारतींत जाताही येत नाही. स्विच २, म्हणजे नंतरचा नवा कन्सोल, असेल तर सेकंदाला ६० फ्रेम्सने एकदम गुळगुळीत चालतो हे मान्य, पण गुळगुळीत चाललेली सपाट भिंत शेवटी भिंतच. माणसांच्या तोंडून आवाज नाही तो नाहीच, २०२५ साली सुद्धा नुसते ओठ हलतात.

गोष्टीत मला आर्सियस उजवा वाटला, विशेषतः शेवटाकडे गावातली माणसं तुमच्याशी जशी वागतात तो भाग. आणि खरी शेवटची लढाई, न सांगता एवढंच सांगतो, औषधं भरपूर घेऊन जा. झेड-ए मध्ये पात्रं जास्त मजेदार आहेत, हॉटेलवाला एझेड, कर्ज वसूल करणारा कॉर्बो, लाईव्ह स्ट्रीम करणारी कनारी, पण यांच्या कामांसाठी एकाच शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला इतकं पळवतात की मधेच कंटाळा येतो.

बारीकसारीक वैताग सांगायचे तर आर्सियसची पिशवी. जागा कमी, आणि एकेक कप्पा वाढवायला तो पिशवीवाला दर वेळी जास्त पैसे मागतो, पेठेतला दुकानदार परवडला. शिवाय अभ्यासाची कामं, हीच मूव्ह पुन्हा पुन्हा वापर वगैरे, ज्याला याद्या भरायला आवडत नाही त्याने लांब राहावं. झेड-ए मध्ये पिशवीचा त्रास नाही. तिथे त्रास वेगळा आहे. ऑनलाईन चार जणांची लढाई असते, तीन मिनिटांची, धमाल आहे, पण ग्रेनिंजासारख्या लाडक्या पोकेमॉनचा मेगा दगड (ज्याने त्याचं मेगा रूप होतं) त्या रँक लढायांत बक्षीस म्हणून ठेवला, आणि ऑनलाईन खेळायचं तर वर्गणी भरा. हे मला अजिबात पटलं नाही. त्यात मेगा डायमेन्शन नावाचा जादा भाग, ज्याची घोषणा मूळ गेम बाजारात यायच्या आधीच करून टाकली, डिसेंबर २०२५ मध्ये आला, किंमत तीस डॉलर. त्यात बेरी घालून डोनट बनवायचे आणि त्या डोनटच्या कॅलरी संपेपर्यंत दुसऱ्या जगात फिरायचं, कल्पना गंमतशीर आहे पण मेगा रायचू त्यातच कोंडून ठेवलाय. म्हणजे साध्या स्विचवर साठ डॉलरचा गेम, वर तीस, वर वर्गणी. आर्सियसला नंतर आलेली भर फुकट होती, ऑनलाईन लढाईच नाही त्यामुळे वर्गणीशिवाय तुमचं काहीही अडत नाही. मावसभावासारख्या कॉलेजातल्या मुलासाठी हा फरक छोटा नाही.

आणि आपल्याकडे निन्टेन्डोचं अधिकृत दुकान नाही, बहुतेकांचा स्विच दुबईच्या काकांनी नाहीतर अमेरिकेच्या बहिणीने आणलेला, त्यामुळे डाउनलोडपेक्षा कार्ट्रिज घ्या असंच सांगेन, खेळून झालं की पुढे विकता येतं. स्विचच नसेल आणि पीसी असेल तर या भानगडीत न पडता पालवर्ल्ड नावाचा गेम बघा, पण तो वेगळाच प्राणी आहे, तिथे पकडलेल्यांना कारखान्यात कामाला लावायचं आणि हातात बंदूक, आपल्या लहानपणीचा जिव्हाळा शोधायला गेलात तर फसाल.

तर माझं मत असं. एकटा खेळणार, हळूहळू, रविवारी दुपारी लोळत, पोकेमॉन बघायला आणि जमवायला आवडतात, तर आर्सियस, डोळे झाकून. स्पर्धा आवडते, मित्रांकडेही स्विच आहे, हात चपळ आहेत, एक्स-वायच्या आठवणी आहेत, तर झेड-ए, आणि त्यातही स्विच २ असेल तरच पूर्ण किमतीला. साधा स्विच असेल तर सेकंडहँड कार्ट्रिजची वाट बघा, घाई काही नाही.

मावसभावाने आर्सियस घेतला. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोटो आला, स्क्रीनवर लाल डोळे, खाली आडवा पडलेला तो, आणि मेसेज, दादा हा घोडा जातच नाहीये.