जुन्या पेट्रोल पंपाखालची माती: हँड ऑगर की डायरेक्ट पुश?

पंपाची जमिनीखालची टाकी गळल्याचा संशय आला, की मातीचे नमुने घ्यायला मुख्यतः या दोन वाटा समोर येतात.

हँड ऑगर, म्हणजे हाताने फिरवून माती काढायचा गिरमिट, स्वस्त. दोन माणसं पुरतात, अरुंद बोळातही काम होतं. वरच्या मीटरभर मातीतलं शिसं तपासायचं असेल तर मी तोच घेईन. पण तो माती ढवळत वर आणतो. बेंझिनसारखी उडून जाणारी रसायनं तेवढ्यात निसटतात आणि अहवालात जागा आहे त्याहून स्वच्छ दिसते. ही चूक फार महागाची, कारण अशाच अहवालाच्या भरवशावर पुढे तिथे घरं उभी राहतात.

डायरेक्ट पुशमध्ये यंत्र पोकळ नळी जमिनीत ठोकत नेतं. आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरात माती थरांसकट सलग मिळते. अस्तर चिरल्याबरोबर सुमारे 5 ग्रॅम माती मिथेनॉलच्या (उडणारी रसायनं धरून ठेवणाऱ्या द्रवाच्या) कुपीत घालायची, कुपी बर्फाच्या पेटीत ठेवायची. टाकीच्या गळतीसाठी माझा कौल यालाच. मात्र दख्खनचा काळा पाषाण लागला की हेही अडतं. तिथे फिरत्या पात्याने खडक कापणारं रोटरी ड्रिलिंगच हवं.

प्रत्येक भोकानंतर अवजारं धुणं आणि भोक बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) बुजवणं दोन्हीकडे सारखंच. उघड्या भोकातून दूषित पाणी थेट भूजलात उतरू शकतं.