मिनीक्लिपचा ‘८ बॉल पूल’: फाउलचा न्याय कितपत?

मोबाइलवरच्या या खेळाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे पंच. आपल्या गटाचा (एकरंगी किंवा पट्टेरी) बॉल आधी लागला का, आणि त्यानंतर बॉल पॉकेटमध्ये गेला नसेल तर एखादा तरी कुशनला (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला) भिडला का, हे क्षणात ठरतं. क्लबात खरी भांडणं याच दुसऱ्या नियमावरून होतात. हळूच टेकवून लपायला जागा मिळू नये म्हणूनच तो आहे.

फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) टेबलावर कुठेही ठेवता येतो. शिक्षा कडक वाटते, पण योग्यच आहे. तो फक्त डाव सुरू करायच्या रेषेमागे ठेवायचा असता, तर आपले बॉल त्या भागात अडकलेल्या खेळाडूला फाउल मिळूनही सरळ शॉट नसतो. मग मुद्दाम फाउल करणंच फायद्याचं ठरतं. फाउलनंतर प्रतिस्पर्ध्याला दोन शॉट द्यायची इंग्लंडच्या पबमधली जुनी पद्धतही याच दुखण्यावरचा उपाय.

शेवटी घालायचा काळा आठ नंबरचा बॉल पॉकेटमध्ये गेला आणि पाठोपाठ क्यू बॉलही, तर डाव हरलात. आठ टेबलावरच राहून क्यू बॉल गेला तर मात्र नुसता फाउल. बरेच क्लब इथेही हार धरतात. जागतिक नियम तसं म्हणत नाहीत.

खटकतं ते क्यूंचं, म्हणजे खेळायच्या काठ्यांचं. महागड्या क्यूला जास्त ताकद, लांब निशाणरेषा, जादा वेळ मिळतो. नियम सारखे, हत्यारं असमान. शिवाय डबल हिट (एकाच शॉटमध्ये क्यू बॉलला दोनदा क्यू लागणं) इथे होतच नाही, त्यामुळे खऱ्या टेबलावर बॉल चिकटलेले असताना क्यू कसा मारायचा, हे इथे शिकायला मिळत नाही.